विश्लेषण : तीन मिलिमीटरची फळी, सत्तर किलोंचा ताण... हाताने गिटार घडते तरी कशी?

स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार सुरात लावली की तिच्यावर सहाही तारांचा मिळून साधारण ७० ते ७५ किलोंचा ताण येतो. गिटार वाजत असो वा भिंतीला टांगलेली असो, हा ताण रात्रंदिवस कायम असतो. तो झेलणारी वरची फळी मात्र जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होईल एवढीच. ही फळी जाड ठेवली तर गिटार वर्षानुवर्षे टिकते, पण आवाज कोंदट येतो. फार पातळ केली तर आवाज सुरुवातीला मोकळा वाटतो आणि काही काळाने फळी फुगून तारा इतक्या वर जातात की बोटांनी दाबणे मुश्कील होते. या दोन टोकांच्या मध्ये नेमके कुठे थांबायचे, हे ओळखणे म्हणजेच गिटार घडवणे. कारखान्यात हजारो गिटार तयार होत असतानाही एकेका गिटारवर शंभराहून अधिक तास घालवणारे कारागीर का टिकून आहेत, याचे उत्तरही तिथेच आहे.

आवाज तारेचा की लाकडाचा?

नुसती तार छेडली तर तिचा आवाज जेमतेम हातभर अंतरावर पोहोचतो. बारीक तार हवेला फारशी ढकलू शकत नाही. तिची थरथर घोडीमार्फत, म्हणजे ब्रिजमार्फत, वरच्या फळीपर्यंत जाते आणि ही रुंद फळी हवा हलवते. सतार-तंबोऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही गिटारची तबली. इंग्रजीत तिला साउंडबोर्ड म्हणतात.

तबलीच्या जोडीला आतली हवाही काम करते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुमल्यासारखा सूर येतो, तेच तत्त्व इथे लागू होते. साधारण दहा सेंटिमीटर व्यासाच्या गोल छिद्रातून आतली हवा आत-बाहेर होते. मोठ्या आकाराच्या गिटारमध्ये हा हवेचा सूर सेकंदाला सुमारे १०० कंपनांच्या आसपास असतो, तर तबलीचा मुख्य सूर साधारण २०० च्या जवळपास. गिटारची सर्वात जाड तार ८२ कंपनांची आणि सर्वात बारीक तार ३३० कंपनांची असते. म्हणजे खालच्या स्वरांना हवेचा आधार मिळतो आणि त्यावरच्या स्वरांना फळीचा. हे दोन सूर कुठे बसतात, यावर गिटारचा स्वभाव बराचसा ठरतो.

ताण नेमका कुठे येतो?

तारा तबलीपासून साधारण सव्वा सेंटिमीटर उंचीवरून घोडीला ओढतात. ओढ गिटारच्या मानेच्या दिशेने असते. त्यामुळे घोडी पुढे कलंडू पाहते. तिच्या मागची तबली वर उचलली जाते, पुढची खाली दबते. जुन्या गिटारकडे बाजूने पाहिले की घोडीच्या मागे हलकासा फुगवटा दिसतो, तो याच ओढीचा परिणाम. थोडा फुगवटा सर्वच गिटारना येतो. तो वाढत गेला किंवा घोडी मागच्या कडेने सुटू लागली, तर मात्र दुरुस्ती अटळ असते.

मग स्प्रूसच का?

तबलीसाठी लाकूड ताठ हवे आणि हलकेही हवे. जड फळी हलवण्यातच तारेची ताकद खर्च होते. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे लाकूड या कसोटीवर फार वर उतरते. शिसवीच्या जवळपास निम्म्या वजनाचे असूनही ते रेषांच्या दिशेने कमालीचे ताठ असते. अलास्का आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सिट्का स्प्रूस आणि युरोपच्या डोंगराळ भागातले स्प्रूस हे दोन प्रकार सर्वाधिक वापरले जातात. भारतातील कारागिरांना ते बहुतेकदा आयात करावे लागते.

ओंडका कसा कापला यालाही महत्त्व आहे. झाडाची वार्षिक वलये फळीच्या पृष्ठभागाशी काटकोनात यावीत, अशा रीतीने तो कापतात. अशी फळी कमी पिळवटते आणि अधिक ताठ राहते. मग ती मधून चिरून, पुस्तक उघडावे तशी, दोन भाग शेजारी ठेवून जोडतात. दोन्ही बाजूंच्या रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. हे केवळ शोभेसाठी नसते, डावी-उजवी बाजू शक्य तितकी सारखी वागावी हाही हेतू असतो.

दहा टक्के जाडी, २७ टक्के ताठपणा

हातकामाचे खरे कारण या गणितात दडलेले आहे. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. तीन मिलिमीटरची फळी रंध्याने आणि स्क्रेपरने २.७ मिलिमीटरवर आणली, म्हणजे जाडी फक्त दहा टक्क्यांनी कमी केली, तर ताठपणा २७ टक्क्यांनी घटतो. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे लाकूड निघाले आणि वाद्य बदलले.

त्यात एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. एक २.८ मिलिमीटरला पुरेशी ताठ असते, दुसरीला तेवढ्याच ताठपणासाठी तीन मिलिमीटर लागतात. कारखान्यातले यंत्र सर्व फळ्या ठरलेल्या मापावर आणते आणि सर्वात कमजोर फळीही टिकावी म्हणून थोडी जादा जाडी सोडते. वॉरंटी द्यायची असेल तर ते योग्यही आहे. हाताने घडवणारा कारागीर मात्र जाडीऐवजी ताठपणा मोजत जातो. तो फळी दोन बोटांत धरून गाठीने ठोकतो आणि घुमणारा सूर ऐकतो. काही जण फळीच्या दोन टोकांना आधार देऊन मध्ये ठरावीक वजन ठेवतात आणि ती किती वाकते हे डायल गेजवर मोजतात. ठोकल्याचा आवाज मोबाइलवर घेऊन स्पेक्ट्रम अॅपमध्ये कंपनसंख्या पाहणारेही आहेत. साधने वेगवेगळी, पण प्रश्न एकच असतो : ही फळी आणखी किती लाकूड काढू देईल?

आतल्या पट्ट्या काय करतात?

स्प्रूस रेषांच्या दिशेने जितके ताठ, त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही ते आडव्या दिशेने नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी तबलीच्या आतल्या बाजूला स्प्रूसच्याच पट्ट्या चिकटवतात. त्यांना ब्रेसिंग म्हणतात.

या पट्ट्यांच्या दोन परंपरा आहेत. स्पेनमधील आल्मेरियाचे अंतोनिओ दे तोरेस (१८१७-१८९२) यांनी पंख्याच्या काड्यांसारखी पसरत जाणारी रचना पक्की केली. आजची नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार मुख्यतः त्याच वाटेने आली आहे. दुसरी परंपरा अमेरिकेतली. जर्मनीतील मार्कनॉयकिर्शन गावाचे ख्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या कारखान्यात १८४० च्या दशकात दोन मुख्य पट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदणारी ‘एक्स’ रचना वापरली जाऊ लागली. तेव्हा गिटारला आतड्याच्या तारा असत. पुढे विसाव्या शतकात स्टीलच्या तारा आल्या आणि ताण वाढला, तेव्हा ही फुली तो पेलण्यास योग्य ठरली. आज स्टीलच्या तारांच्या बहुतेक गिटारमध्ये हीच रचना सापडते.

पट्ट्यांनाही घनाचाच नियम लागू होतो. पट्टीची उंची निम्मी केली तर तिचा ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. रुंदी निम्मी केली तर तो फक्त निम्मा होतो. म्हणून पट्ट्या अरुंद आणि उंच ठेवतात, आणि टोकांकडे पटाशीने उतरत्या करतात. मध्ये ताकद, कडेला मोकळीक. पटाशीचे दोन-चार हात, मग ठोकून ऐकणे, पुन्हा पटाशी, असे हे काम चालते. काढलेले लाकूड परत लावता येत नाही. खोके बंद झाल्यावर तर गोल छिद्रातून हात घालून जेवढे जमेल तेवढेच.

लाकूड वाकते कसे?

मिरजेच्या तंबोऱ्याला निसर्गाने घडवलेला भोपळा मिळतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या वाद्यांचा घुमारा या भोपळ्यातूनच येतो. गिटारला मात्र आपला पोकळ घाट सपाट फळ्यांतून तयार करावा लागतो.

बाजूच्या फळ्या साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या असतात. त्या ओल्या करून, सुमारे १५० अंश सेल्सियसपर्यंत तापवलेल्या धातूच्या नळीवर हळूहळू दाबत नेतात. लाकडातले तंतू धरून ठेवणारे लिग्निन उष्णतेने मऊ होते आणि फळी वाकते, थंड झाली की तो आकार धरून ठेवते. घाई केली तर कंबरेच्या वळणावर तडा जातो. वाकलेल्या दोन बाजू साच्यात बसवून दोन टोकांना ठोकळ्यांनी जोडतात. दोन मिलिमीटरच्या कडेवर तबली चिकटवायला जागा पुरत नाही. म्हणून आतून करवतीचे काप दिलेली लवचीक पट्टी फिरवतात, म्हणजे सरसाला धरायला रुंद पृष्ठभाग मिळतो.

सरस हा शब्द इथे शब्दशः खरा आहे. जनावरांच्या कातडीपासून केलेला, सुमारे ६० अंशांवर गरम करून वापरायचा पारंपरिक सरस आजही अनेक कारागीर वापरतात. तो वाळला की कडक होतो. आणखी एक गुण म्हणजे, उष्णता आणि ओलावा दिला की जोड पुन्हा सोडवता येतो. ज्या वाद्याने पन्नास वर्षे जगावे अशी अपेक्षा असते, त्याची दुरुस्ती करता आली पाहिजे.

शेवटचा थर पॉलिशचा. तोही जाड झाला तर तबलीची हालचाल दाबतो. उत्तम क्लासिकल गिटारवर अजूनही फ्रेंच पॉलिश करतात. आपल्याकडच्या जुन्या लाकडी कपाटांवर पॉलिशवाले कापडाच्या बोळ्याने चढवत तेच चपडा लाखेचे पॉलिश. लाखेच्या उत्पादनात भारत जगात आघाडीवर आहे.

पडद्यांचे गणित कसे चालते?

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. कलाकार ते हवे तसे सरकवू शकतो. गिटारचे पडदे, म्हणजे फ्रेट्स, लाकडात खाचा पाडून ठोकून बसवलेले असतात. त्यामुळे खाच चुकली की चूक कायमची.

गणित मात्र सोपे आहे. तारेची उरलेली लांबी १७.८१७ ने भागायची आणि तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा ठेवायचा. क्लासिकल गिटारची नेहमीची लांबी ६५० मिलिमीटर धरली तर पहिला पडदा ३६.४८ मिलिमीटरवर येतो. दुसरा त्याच्यापुढे ३४.४३ मिलिमीटरवर. असे करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२५ मिलिमीटरवर पोहोचतो आणि तिथे सूर दुप्पट होतो. बाराव्या पडद्याशी एक मिलिमीटरची चूक म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी पाच भागांचा फरक. विसाव्या पडद्याशी तीच चूक आठ भागांवर जाते.

इथे यंत्र हातापेक्षा सरस आहे, हे बहुतेक कारागीर मान्य करतात. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने खाचा पाडलेली पट्टी घेऊन बाकीची गिटार हाताने घडवणारे अनेक आहेत. ‘हाताने घडवलेली’ याचा अर्थ प्रत्येक काप हातानेच घेतला, असा नाही. जिथे लाकूड पाहून निर्णय घ्यावा लागतो, तिथे तो माणसाने घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

शिसवीला इतकी किंमत का?

गिटारच्या जाहिरातीत सर्वाधिक जागा मिळते ती मागच्या आणि बाजूच्या लाकडाला. एकेकाळी ब्राझीलचे रोझवूड सर्वोत्तम मानले जाई. ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यानंतर मार्टिन कंपनी १९६९-७० च्या सुमारास भारतीय रोझवूडकडे वळली. हे भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसव. शास्त्रीय नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया. पश्चिम घाटात वाढणारे हे झाड जुन्या वाड्यांतल्या पलंगांमुळे आणि कपाटांमुळे मराठी घरांना परिचित आहे. त्याचे लाकूड जगभरातल्या गिटारच्या पाठीवर आहे.

त्याची किंमत जंगलाने मोजली. वन्यजीव आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराने ब्राझिलियन रोझवूडला १९९२ मध्ये सर्वात कडक यादीत टाकले. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया कुळातल्या उरलेल्या सर्व जाती दुसऱ्या यादीत आल्या. त्यामुळे शिसवीची गिटार परदेशात विकायची तर परवान्याची कागदपत्रे लागू लागली. वाद्यनिर्माते आणि कलावंत यांची ओरड झाल्यावर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. कच्च्या लाकडावरचे नियंत्रण मात्र कायम आहे.

या लाकडाने आवाजात खरोखर किती फरक पडतो? ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांसह एका गटाने हे तपासले. अनुभवी कारागिराकडून सहा गिटार बनवून घेतल्या. सगळे सारखे ठेवून फक्त मागचे आणि बाजूचे लाकूड बदलले. ब्राझिलियन रोझवूड, शिसव, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. अंधुक उजेडात वेल्डरचा गॉगल लावून ५२ वादकांनी त्या वाजवल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वादकांनी सहाही गिटारना जवळपास सारखेच गुण दिले. दुर्मीळ, महाग लाकडाला वरचढपणा मिळाला नाही.

तोरेस यांनी दीडशे वर्षांपूर्वी याच दिशेने बोट दाखवले होते. १८६२ मध्ये त्यांनी पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या, पण तबली उत्तम स्प्रूसची अशी गिटार बनवली. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठीचे लाकूड अगदीच निरर्थक आहे, असा याचा अर्थ नाही. त्याचे वजन, टिकाऊपणा, वाकण्याची तयारी आणि देखणेपण यांना महत्त्व आहेच. पण आवाजाचा मोठा वाटा तबली आणि तिच्या पट्ट्यांचा असतो. जंगलातली आणखी एक शिसव तोडण्याआधी हा निष्कर्ष लक्षात घेण्यासारखा आहे.

पावसाळ्यात गिटारचे काय होते?

लाकूड हवेतला ओलावा पिते आणि सोडते. रेषांच्या दिशेने त्याची लांबी फारशी बदलत नाही, पण आडव्या दिशेने रुंदी बदलते. स्प्रूसच्या आकुंचनाच्या प्रमाणित आकड्यांवरून हिशेब केला तर ४५ टक्के आर्द्रतेतली ४० सेंटिमीटर रुंद मोकळी फळी ८५ टक्के आर्द्रतेत बराच काळ ठेवल्यास चार-पाच मिलिमीटर रुंद होऊ शकते. गिटारमध्ये ती चारही बाजूंनी चिकटवलेली असते. रुंद व्हायला जागा नसल्याने ती वर फुगते. मुंबई, कोकण आणि गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये तारा अचानक उंच वाटू लागतात, त्याचे हे कारण. उलट नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तीच फळी आकसते, तिला आकसायला जागा नसते, आणि रेषेवर तडा जातो.

कारागिरासाठी यात मोठा धडा आहे. भर पावसात, फुगलेल्या लाकडावर पट्ट्या चिकटवल्या तर गिटार त्या दिवशी उत्तम दिसते. सहा महिन्यांनी हवा कोरडी झाली की तबली आकसू पाहते आणि आडव्या पट्ट्या तिला आकसू देत नाहीत. तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून कार्यशाळेतली आर्द्रता वर्षभर साधारण ४५ ते ५० टक्क्यांवर ठेवणे हा या व्यवसायातला न दिसणारा, पण टाळता न येणारा खर्च आहे. किनारपट्टीवर डीह्युमिडिफायर हे रंध्याइतकेच आवश्यक हत्यार आहे.

विकत घेणाऱ्याने काय विचारावे?

हाताने घडवलेली प्रत्येक गिटार कारखान्याच्या गिटारपेक्षा चांगली असते, असे नाही. नवशिक्यासाठी बऱ्या कारखान्याची गिटार पुरेशी असते. हजारो रुपये अधिक मोजून एखाद्या कारागिराकडून गिटार करून घ्यायची असेल, तर पाठीच्या लाकडाआधी पुढचे प्रश्न विचारलेले बरे.

- पट्ट्या आणि तबली चिकटवताना कार्यशाळेत आर्द्रता किती होती? नोंद ठेवली आहे का?
- तबलीची जाडी कशावरून ठरवली? ठरलेल्या मापावरून की त्या फळीच्या ताठपणावरून?
- कोणत्या जाडीच्या तारांसाठी ती घडवली आहे? हलक्या तारांसाठी केलेल्या गिटारला जाड तारा लावल्या की ताण वाढतो आणि सगळा हिशेब बिघडतो.
- मानेचा जोड पुढे सोडवता येईल का? तारांची ओढ वर्षानुवर्षे चालू असल्याने जुन्या गिटारच्या मानेचा कोन कधी ना कधी दुरुस्त करावा लागतो.
- पहिल्या वर्षभरात तारांची उंची पुन्हा लावून देणार का? नवी गिटार ताणाखाली स्थिरावायला काही महिने घेते.

घरी आल्यावरची काळजी साधी आहे. गिटार पेटीत ठेवावी, पेटीत स्वस्तातला डिजिटल आर्द्रतामापक असावा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओल्या झाल्या की बदलाव्यात. कोरड्या उन्हाळ्यात ओलसर स्पंजची छिद्रे असलेली डबी पेटीत ठेवावी, स्पंज लाकडाला लागू देऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत गिटार कधीही ठेवू नये. तिथले तापमान सरस मऊ करण्याइतके वाढू शकते, आणि तारांची ओढ तेव्हाही तेवढीच असते.